लोणीहून आणलेलं चूर्ण

सीताराम केतकर तेहतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते आणि तेवढीच वर्षं लोकांची अक्कल काढत होते. एकदा त्यांना कावीळ झाली, तेव्हा शाळेचा शिपाई दत्तोबा लोणी काळभोरहून कसलीशी मुळी घेऊन आला. भर स्टाफरूममध्ये सर म्हणाले, "दत्तोबा, तू घंटा वेळेवर दे. तेवढं विज्ञान पुरे तुला." सगळे हसले. दत्तोबाही हसला, पण मुळी खिशात घालताना त्याने मान वर केली नाही.

सत्तरीत सरांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसताना निघाला, आणि मेंदूतही पसरलेला. तरी नशिबाने थोडी लाज राखली. त्यांच्या कॅन्सरवर मेंदूपर्यंत पोचणारी रोजची एक गोळी होती. दोन महिन्यांत मेंदूतल्या गाठी निम्म्या झाल्या. मुलगी चैताली कर्वेनगरच्या अख्ख्या सोसायटीला पेढे वाटून आली. सर मात्र आतून घाबरलेलेच. निम्म्या गेल्या म्हणजे निम्म्या आहेतच की.

एका दुपारी चैताली ऑफिसला गेल्यावर ते रिक्षा करून थेट लोणीला दत्तोबाच्या दारात उभे राहिले. तिथल्या झाडपाल्यावाल्याकडे घेऊन चल म्हणाले. दत्तोबाने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाला, "सर, तुमची गोळी चालू हाय. आधी डाक्टरला इचारा." डॉक्टरला विचारलं की चैतालीला कळणार. सर हट्टाला पेटले आणि चूर्ण घेऊनच परतले.

महिनाभर त्यांनी ते पुस्तकांच्या कपाटामागे लपवून खाल्लं. मग रक्ततपासणीत यकृत बिघडलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी बंद केली. "गोळीच सोसत नसेल, तर ती सोडून मेंदूला रेडिएशन द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "दुसरं काही घेत नाही ना?"

"छे," सर म्हणाले. नववीच्या पोराच्या असल्या 'छे'मागचं खरं त्यांनी त्याला बाकावर उभं करून बाहेर काढलं असतं.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. हाताशी असलेलं औषध आपण केवळ अब्रूपायी घालवतोय, हे कळत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चैतालीसमोर चूर्ण ठेवलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तो दत्तोबा फार मागे लागला गं. भिडेखातर घेतलं."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, चूर्ण बंद करा, यकृत सुधारलं की गोळी पुन्हा सुरू करून बघू. चैतालीचा जीव भांड्यात पडला, आणि मग राग उसळला. तिने तिथेच स्पीकरवर दत्तोबाला फोन लावला.

"शोभतं का हो तुम्हाला? आजारी माणसाच्या गळ्यात असलं काही मारायचं?"

सरांना वाटलं, आता हा सगळं सांगणार.

"चुकलं ताई," दत्तोबा म्हणाला. "अडाणी माणूस मी. सरांची गोळी परत चालू होईल न्हवं?"

चैताली आणखी काही बोलणार, तेवढ्यात सरांनी तिच्या हातातून फोन घेतला. त्यांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"दत्तोबा, खोटं कशाला बोलतोस?"

"ऱ्हाऊ द्या सर. लेकीम्होरं कशाला."

सरांनी चैतालीकडे पाहिलं. "तो नको म्हणत होता," ते म्हणाले. "मी हात जोडले त्याच्यापुढे."