धाकट्याचा क्रॉसबो

कर्वेनगरच्या मैदानावर मी आणि धाकटा भाऊ एकत्रच तिरंदाजी शिकलो. पदकं त्यानं घ्यायची, टाळ्या मी वाजवायच्या. पुढे तो अमेरिकेत गेला, तिथे हरणांची शिकार करू लागला. परवा त्याचा फोन आला. "दादा, फक्त धनुष्यवाल्यांसाठी राखलेल्या शिकारीच्या हंगामात क्रॉसबो चालू द्यावा का, यावर इथे वाद पेटलाय. तुला काय वाटतं?"

"आडव्या धनुष्याचा घोडा दाबूनच बाण सोडायचा, तर सरळ बंदूक घे की! दोरी ओढायला दंडात जोर लागतो," मी फटकारलं.

"माझा खांदा गेलाय, दादा. आता धनुष्य ओढवत नाही."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. संध्याकाळी मैदानावर जाऊन मी मनसोक्त बाण मारले. एकही त्याच्यासारखा मधोमध लागला नाही.