त्याला वर घ्यायचं न्हाई

जनावरांच्या दवाखान्यात चोवीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्याकडे माणूस येतो म्हशीचं सांगायला आणि सांगून जातो सासूचं. मी आपला पट्टी बांधत ऐकत असतो. घरी जाऊन बायकोला सांगायला बसावं, तर ती म्हणते, "आदी हात धुवा."

आमचा दवाखाना सिरसाळ्याहून दिंद्रुडकडे जाताना लागतो. पूर्वी इथं बैल, म्हशी, शेळ्या, एवढंच यायचं. आता पोरं शहरातून कुत्री आणतात. लॅब्रॅडॉर काय, पॉमेरियन काय! म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी एक प्रश्न कायमचा ठरवून टाकलाय. मॅडम साताऱ्याकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या, मला मामा म्हणणाऱ्या, पण बोलायला एकदम सरळ. कुत्रं टेबलावर आलं की विचारणार, "सोफ्यावर, पलंगावर चढू देता का?"

खाज, गोचीड, केस, सगळं त्या उत्तरावर असतं. आणि ह्या एका प्रश्नाला आमच्याकडची चांगली चांगली माणसं बेधडक खोटं बोलतात!

* * *

एक जण बुलेटवर आला. पुढं कुत्रं, मागं बायको.

"छ्या मॅडम, पलंगाचं नावच न्हाई," तो म्हणाला. "अंगणात झोपायचं म्हंजी अंगणात. लई कडक ट्रेनिंग दिलीय."

मॅडमनी बायकोकडं पाहिलं.

"अंगणात झोपतेत की," ती म्हणाली. "पर कुत्रं न्हाई, हे!"

* * *

एका गुरुजींच्या कुत्र्याला खरूज झाली. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, ही माणसालाही त्रास देते. जवळ घेऊन झोपत नाही ना?"

"छे, छे! आम्ही त्याला शिवतसुद्धा नाही."

हे बोलताना गुरुजी उजव्या हातानं डावा दंड खाजवत होते. थोड्या वेळानं डाव्या हातानं पोट. मॅडमनी कुत्र्याचं औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, "तुमचं मात्र दुसऱ्या दवाखान्यात दाखवा. मला माणसांना औषध द्यायची परवानगी नाही."

* * *

ऊस तोडून परत आलेली एक बाई कुत्र्याला कडेवर घेऊन आली. बैलगाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं होतं. सहा महिने त्या सगळ्यांनी कारखान्याजवळ कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, काढले होते. मॅडमनी सवयीनं विचारलं, "सोफ्यावर, पलंगावर चढू देता का?"

बाई खळखळून हसली. "बाई, आदी आमाला तर चढू द्या!"

मॅडमही हसल्या. मी पण हसलो. मग आम्ही दोघंही हसायचं थांबलो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मॅडमनी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही.

* * *

घरात सोफा असून ह्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा मला एकच माणूस भेटला. किराणा दुकानवाले अप्पा.

अप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, डोक्यावर औषधालाही केस नाही. पुढं दुकान, मागं घर. घरात काकू. मुलगा मन्मथ पुण्यात नोकरीला. त्यानं पहिल्या पगारात आईसाठी सोफा पाठवला. काकूंनी त्याचं प्लास्टिक कधी काढलं नाही, उलट वरून चादर टाकली. पुढं मन्मथला मूल झालं, फ्लॅटमध्ये कुत्रं जड व्हायला लागलं, म्हणून एके दिवशी तो ब्रूनोला इथं सोडायला आला. तेव्हा मी योगायोगानं साखर घ्यायला दुकानात होतो.

कुत्रं पुण्याचं! दारातून जे आत शिरलं ते थेट सोफ्यावर जाऊन बसलं. काकूंचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

मन्मथ म्हणाला, "आई, तिकडं तो सोफ्यावरच बसायचा."

"तिकडं तुजं राज्य. हितं सोफ्यावर न्हाई, पलंगावर न्हाई. म्हादेवाचा नंदीसुदिक पिंडीवर चढत न्हाई, म्होरं बसतो!"

मन्मथनं पट्टा धरून ब्रूनोला खाली उतरवलं. खरं सांगतो, मी काकूंच्या बाजूचा होतो. जनावरांच्या कानातून गोचीड काढण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस दुसऱ्या बाजूला कसा जाईल?

* * *

काकू सोमवारी एसटीनं परळीला दर्शनाला जायच्या. त्यांची गाडी गेली की अप्पा दुकानातून आत यायचे, चादर बाजूला करायचे आणि ब्रूनोला म्हणायचे, "ये बाबा, वर ये." दोघं शेजारी शेजारी बसून टीव्ही बघायचे. काकू यायच्या वेळेला चादर जागच्या जागी, ब्रूनो फरशीवर आणि अप्पा गल्ल्यावर!

एका सोमवारी काकूंना लवकरची गाडी मिळाली. त्यांनी चपला काढल्या आणि आधी तळहात सोफ्यावर ठेवला.

"गरम हाय."

"मीच बसलतो," अप्पा म्हणाले.

काकूंनी चादरीवरून एक पिवळा केस उचलला, अप्पांच्या टकलाकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमाला केस कवा आले?"

मॅडमनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा हा किस्सा अप्पांनी स्वतः आम्हाला दवाखान्यात सांगितला. सांगताना इतके हसले की टेबलावरचा ब्रूनोही शेपूट हलवायला लागला.

* * *

दिवाळीत फटाक्यांनी ब्रूनो थरथर कापायचा. मॅडमनी दिलेली गोळी पोचवायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काकू नवं लुगडं नेसून खाली शहाबादी फरशीवर बसल्या होत्या. ब्रूनोचं डोकं त्यांच्या मांडीवर, पदर त्याच्या कानावर. अप्पा सोफ्यावर.

"अगं घे की वर, एक दिवस," अप्पा म्हणाले. "तुजे गुडघे दुखतेत."

"त्याला वर कशाला घिऊ? मी आलेय की खाली."

बाहेर माळ सुरू झाली तशी त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे कान धरले. मी गोळी कोनाड्यात ठेवून गुपचूप निघालो. माझ्या घरी रांगोळीजवळ आलेल्या गावठी कुत्र्याला मी त्याच दिवशी सकाळी काठी मारली होती, ते आठवून मला लाज वाटली.

* * *

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी काकूंच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्याच्या जीपमधून अंबाजोगाईला न्यायला निघाले. मागच्या सीटवर अप्पा आणि त्यांच्या खांद्यावर काकूंचं डोकं.

"गॅस बंद केला का?"

"केला."

"त्याला वर घिऊ नका."

"न्हाई घेत."

परळी यायच्या आधीच काकू गेल्या.

जाताना माणसं लेकराबाळांचं बोलतात, देवाचं नाव घेतात. काकू रोज घरातून निघताना जे बोलायच्या तेवढंच बोलल्या. परत यायचं नाही हे त्यांना कुठं माहीत होतं! दहाव्या-बाराव्या दिवशी अप्पा ब्रूनोला घेऊन दवाखान्यात आले, कारण तो खात नव्हता. तेव्हा त्यांनी हे सांगितलं. मॅडम उठून औषधाच्या कपाटाकडं गेल्या आणि पाठमोऱ्या होऊन लावलेल्याच बाटल्या पुन्हा लावायला लागल्या.

* * *

आता खरी अडचण सुरू झाली. ब्रूनो म्हातारा, वजनदार, मागचे पाय गेलेले. दिवसभर कडक फरशीवर पडून त्याच्या दोन्ही कोपरांना जखमा झाल्या. दर तिसऱ्या दिवशी मी धुऊन पट्टी करायचो आणि दर तिसऱ्या दिवशी जखम थोडी मोठी असायची.

मॅडमनी सांगितलं, "अप्पा, पट्टीनं भागणार नाही. त्याला मऊ जागा द्या. घरात सोफा आहे, पलंग आहे."

"तेवढं सोडून सांगा, मॅडम."

दुकानातली पोती टाकून बघितली. ती जखमेला चिकटायची आणि सोडवताना ब्रूनो ओरडायचा. त्याला मी धरलेलं असायचं, त्यामुळं ते ओरडणं माझ्या हातांतून जायचं. एक दिवस माझा तोल सुटला.

"अप्पा, काकू गेल्या आता. त्या काय बघायला येणार हायेत? मेलेल्या माणसाच्या हट्टापायी जित्या जिवाला कशाला सडवता?"

मॅडम म्हणाल्या, "मामा!" पण बोलून झालं होतं.

अप्पा चिडले नाहीत. ब्रूनोच्या गळ्यातला पट्टा सारखा करत राहिले. मग म्हणाले, "काशिनाथ, ती असती तर तिच्या चोरून कवाच वर घेतला असता मी. आता कुणाच्या चोरून घिऊ?"

त्याला उचलून रिक्षात घातलं आणि गेले. मी हातात कापूस धरून तसाच उभा. चोवीस वर्षांत जनावरांनी मला लाथा मारल्या, शिंगं मारली, पण असं कुठंच लागलं नव्हतं.

* * *

पंधरा दिवस अप्पा आले नाहीत. मला तोंड दाखवायची लाज, पण मॅडम म्हणाल्या, "चला मामा, आपणच जाऊ. जखमेत किडे पडले असतील तर?" मी ड्रेसिंगची पेटी घेतली.

घरात सोफा होता तसाच, प्लास्टिक आणि चादर. पलंगावर मात्र नुसत्या फळ्या, एक घोंगडी आणि उशी. आणि गादी? गादी खाली फरशीवर अंथरलेली, तिच्यावर ब्रूनो आडवा. मी पट्टी सोडून कोपर पाहिलं. जखम भरत आली होती. नवी कातडी धरली होती!

अप्पा मॅडमना समजावून सांगायला लागले, एखादा वकील सांगतो तसं. "ती म्हणली सोफ्यावर न्हाई. म्हणली पलंगावर न्हाई. गादीचं तिनं नावसुदिक काढलं न्हाई."

"आणि तुम्ही कुठं झोपता?"

"पलंगावर की! माणसाची जागा पलंगावर."

सत्तरीचा माणूस आणि उघड्या फळ्या. मॅडम म्हणाल्या, "अहो, दुसरी गादी आणा ना."

"आणतो की, त्यात काय," अप्पा म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

मी त्यांच्या मागं गेलो. माफी मागायची होती. "अप्पा, त्या दिवशी मी लई वाकडं बोललो."

"बोललास म्हणून तर डोस्कं चाललं," ते म्हणाले आणि माझ्या हातात साखरेचा डबा दिला.

त्यानंतर मी दर आठवड्याला घरीच जायला लागलो. दुसरी गादी काही त्यांनी आणली नाही. उठताना ते कंबर धरायचे आणि मी दुसरीकडं बघायचो.

* * *

ब्रूनो थंडीत गेला. सकाळी अप्पांचा फोन आला, "काशिनाथ, त्याचं झालं. शेतात ये."

काकूंची समाधी त्यांच्या शेतातच आहे. ते लिंगायत, त्यांच्यात जाळत नाहीत, मातीच देतात. वर सिमेंटचा गुडघाभर ओटा, ओट्यावर लहानशी पिंड. मी पोचलो तेव्हा अप्पा ओट्याजवळ उभे होते आणि पुतण्या कुदळ घेऊन वाद घालत होता. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला ब्रूनो बाजूला होता.

"अप्पा, तिकडं बांधावर खांदू की. काकूच्या शेजारी कुत्रं? भावकी काय म्हणंल?"

"शेजारी न्हाई," अप्पा म्हणाले. "खाली. ओट्याला लावायचं न्हाई, दोन हात सोडून खांद."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या हातातली कुदळ घेतली आणि खणायला लागलो. जमीन ओली होती, वेळ लागला नाही. अप्पांनी दुकानातून आणलेलं मीठ स्वतः पसरलं. आम्ही तिघांनी ब्रूनोला उतरवलं. माती लोटून झाल्यावर अप्पांनी ती हातानं सारखी केली, ओट्यापेक्षा उंच होऊ नये अशी. पुतण्या विहिरीच्या मोटारीवर हात धुवायला गेला.

अप्पा तिथंच मातीत बसले. मी म्हणालो, "चला अप्पा, ऊन व्हायलंय." त्यांनी ऐकलं नाही. ओट्याच्या कडेवर तळहात ठेवला आणि काकूंशी बोलावं तसं, अगदी रोजच्या आवाजात म्हणाले,

"मी शेवटपर्यंत त्याला वर घेतलं न्हाई. आता तुला घ्यायचं आसंल तर तू घे."