जुनेपणाचं बटण

अमळनेरच्या आमच्या बँडगाडीवर मी गातो, भाऊ कीबोर्ड वाजवतात. त्यांची नजर पट्ट्यांवर नसतेच, नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. उन्हानं जुना सिंथेसायझर गेला, तेव्हा तसाच आवाज काढणारी तीन सॉफ्टवेअरं त्यांनी असोद्याच्या भर वरातीत लॅपटॉपवर वाजवून पाहिली. पहिल्याचा आवाज पट्टी दाबल्यावर जरा उशिरा, बोटामागून यायचा. भाऊ म्हणाले,

"पंगत उठनी का येस, असा पाव्हना शे हाऊ!"

दुसरं त्यांना फार गुळगुळीत वाटलं. तिसऱ्यात आवाज जुनाट करणारं बटण होतं, ते त्यांनी पार शेवटपर्यंत फिरवलं. सूर डळमळला. नवरदेवाचे मामा ओरडले, "भाऊ, बेसूर वाजतंय, बंद करा!"

"खाले देखा. नाचनारा काय सुरमा नाची ऱ्हायनात?" असं म्हणत, खाली ठेक्यात पडणाऱ्या पायांकडे मान हलवून भाऊंनी आवाज वाढवला.

मीही त्याच डळमळत्या सुरात पुढचं कडवं उचललं.