सिंगापूरचं वादळ

माझ्या वडिलांना अख्खी काळाचौकी बावटेवाले बुधाजी म्हणून ओळखते. बंदराच्या सिग्नल स्टेशनावर ते एकतीस वर्षं होते. हवामान खात्याचा निरोप आला की उंच खांबावर धोक्याचा बावटा चढवायचा, हे त्यांचं काम. बावटा आपला म्हणायचा. दिवसा त्या काळ्या आकृत्या असतात आणि अंधार पडला की दिवे. कुठल्या नंबरला कोळ्यांनी होड्या काढायच्या नाहीत आणि कुठल्या नंबरला मोठ्या बोटींनीही जपायचं, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. आईचा पारा चढला की "आज आठ नंबर आहे" म्हणून ते गॅलरीत जाऊन बसायचे. आईला जाऊन चार वर्षं झाली. आता घरात आम्ही दोघंच, आणि पारा चढतो तो माझा.

मी परळला एका विमा कंपनीत आहे. गेल्या जूनमध्ये ऑफिसात क्रूझची टूम निघाली. इरावती ही माझ्या टीममधली, गिरगावची. तिने शोधून काढलं की सप्टेंबरात सिंगापूरहून पिनांग, फुकेत करून परत येणारी बोट जवळजवळ निम्म्या दरात मिळते, कारण तिकडे पावसाळा. घरच्यांनाही घेऊ, म्हणाली. ती तिच्या वडिलांना, अप्पांना, आणणार होती. टीममधलाच ध्रुव त्याच्या बायकोला. मी घरी भाजी चिरता चिरता सहज बोलले, तर पप्पांनी पेपर खाली ठेवला.

"मी येऊ?"

सत्तरीच्या माणसाने असं घाबरत घाबरत विचारावं! मी म्हटलं, "या की, विचारता काय?" तेव्हा मी ते मनापासून म्हटलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते.

मग पप्पांनी कामच हातात घेतलं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तर त्याला चहा पाजून फुकेतचा नकाशा दाखवला. एका जुन्या डायरीत रोज काहीतरी टिपायचे. पावसात विमानाचा भरवसा नाही, म्हणून बोट सुटायच्या आदल्या दिवशीच सिंगापूर गाठायचं. खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध घ्यायची, तिथे हेलकावे कमी. हवा बिघडली तर कप्तान एखादं बंदर गाळतो, तेव्हा फुकेतचं काही आधी बुक करायचं नाही. विम्यात गाळलेल्या बंदराचे पैसे मिळतात का ते बघायचं, आणि हे विमा कंपनीतल्या मला त्यांनी सांगायचं! मी ते सगळं ग्रुपवर टाकत गेले. माझ्या नावाने. "नम्रता, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं!" असं इरावतीने लिहिलं, त्यावर मी हसरा चेहरा पाठवला. पप्पांचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

ऑगस्टच्या एका शनिवारी सगळ्यांनी दादरला एका हॉटेलात भेटायचं ठरलं. पप्पा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डायरी काखेत मारून आले. टेबलाशी पोचले आणि हात जोडून, चाळीच्या पटांगणात म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, "जय भीम!"

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. आमचं आडनाव गावावरून आलेलं आहे, त्यावरून चटकन काही कळत नाही. सात वर्षांत ऑफिसात मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. ध्रुव जेवताना कधी कधी कोट्यातून लागलेल्यांवर बोलायचा, तेव्हा मी डब्यात मान घालून बसायचे. पप्पा आयुष्यभर साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना जय भीम करत आले. त्यांच्या मुलीने सात वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही. मग अप्पा म्हणाले, "नमस्कार, नमस्कार, बसा." त्या क्षणात कुणाच्या मनात काय आलं ते मला आजही माहीत नाही. कदाचित काहीही आलं नसेल, कदाचित त्यांच्या तोंडात घास असेल. अप्पा आणि पप्पा तर पुढे तासभर पाणबुड्या खडकांवर बोलत बसले. पण माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पप्पांनी बशीत ओतून चहा प्यायला, तो मला दिसला. "बोटीवर सुकट-भाकर नेऊ देतात काय?" असं त्यांनी विचारलं आणि सगळे हसले, तेही मोठ्याने हसले, मला ते ऐकवेना. सुकट मला किती आवडते! आदल्याच दिवशी मी दोनदा वाढून घेतली होती.

सोमवारी इरावती म्हणाली, "अगं, तू कधी बोलली नाहीस!"

"काय?" मी इकडेतिकडे पाहत विचारलं.

"काका पोर्टात होते ते. कसले भारी आहेत! अप्पा तर फॅनच झालेत त्यांचे."

शहाण्या मुलीला एवढं पुरलं असतं. मला नाही पुरलं. चार रात्री, रोज तीन वेळा जेवणाच्या टेबलावर जय भीम, आणि समोर ध्रुव, हेच माझ्या डोळ्यांपुढे नाचत राहिलं. त्याच आठवड्यात मी पप्पांचं तिकीट रद्द केलं. ऑफिसात सांगितलं, त्यांचं बीपी वाढलंय. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "पप्पा, ट्रिप कॅन्सल झाली. तिकडे वादळाचा सीझन आहे, मोठं वादळ येतंय. बोटच सोडणार नाहीत."

"सिंगापूरला?" पप्पांनी विचारलं.

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहत होते. "बरं," ते म्हणाले, आणि आत जाऊन भाताला पाणी ठेवलं. त्याच तारखांना मला बेंगळुरूला ट्रेनिंग आहे, हे मी दोन दिवसांनी सांगितलं. त्यावरही नुसतं "बरं" म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात ध्रुवची बायको फोनवर घाबरली होती, वादळबिदळ आलं तर म्हणून. ध्रुवने तिला स्पीकरवर समजावलं, "अगं, सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे. तिथे चक्रीवादळ जवळजवळ कधीच होत नाही. शाळेतल्या भूगोलात असतं हे." मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहत राहिले. एकतीस वर्षं वादळाचे बावटे चढवलेल्या माणसाला मी सिंगापूरचं वादळ सांगितलं होतं. म्हणजे पप्पांना पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. आणि ते भात लावायला गेले होते.

वाटलं, घरी जाऊन पाय धरावेत. गेले, तर पप्पा विहारात गेलेले. आमच्या चाळीच्या विहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. सुरुवातीला पंचशील पप्पा सांगतात आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणतात. मी मागे जाऊन बसले. वाचन संपल्यावर शेजारच्या रामजीकाकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय बुधाजी, बोटीचं कुठवर आलं?"

"रद्द झाली," पप्पा म्हणाले. "वादळ आहे तिकडं."

"अरारा! मोठं?"

"मोठंच. बोटी बंदरात बांधून ठेवल्यात." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "पोरीने लय धडपड केली हो माझ्यासाठी. तिचा इलाज नाही त्याला."

कुणी एक शब्द पुढे विचारला नाही. वादळ आहे असं बावटेवाले बुधाजी म्हणतात म्हटल्यावर शंका कोण घेणार? वैशालीकाकूंनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला, "वाईट नको वाटून घेऊ, बाय." तासाभरापूर्वी याच माणसाने खोटं बोलणार नाही हे शील पन्नास जणांकडून म्हणवून घेतलं होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरीही मी तोंड उघडलं नाही. घरी येतानाही नाही. पप्पा वाटेत केळी घ्यायला थांबले, मी पिशवी धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचशील सांगायला रामजीकाकांना बसवलं. घसा धरलाय म्हणाले. घरात घसा चांगला होता.

मी गेले. एवढं होऊनही गेले. निघायच्या सकाळी पप्पांनी माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात गोळ्यांची एक पट्टी सरकवली. मी उलटून पाहिली, तर बोट लागते त्यावरच्या गोळ्या.

"चढायच्या अर्धा तास आधी घे," ते म्हणाले. "मळमळलं तर आडवी हो. आडवं झालं की बरं वाटतं."

"पप्पा, बेंगळुरूला..."

"हां, बेंगळुरूला," ते म्हणाले आणि माझ्या रेनकोटची घडी घालू लागले.

आदल्या दिवशीच पोचलो, खोली मधोमध होती, सगळं त्यांनी लिहिलं होतं तसंच. पाऊस यायचा आणि तासाभरात निघून जायचा. फुकेतचा समुद्र इतका शांत होता की पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. अप्पा रोज न चुकता विचारायचे, "काकांचं बीपी कसं आहे?" आणि मी सांगायचे, "उतरतंय." एका संध्याकाळी डेकवर ते म्हणाले, "तुझे वडील हवे होते गं, माझ्याशी बोलायला कुणी नाही." मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन जेवायला आले. एवढंच केलं मी.

परत आले त्या संध्याकाळी पप्पांबरोबर विहारात गेले. त्यांनी ट्रेनिंगचं काही विचारलं नाही. आम्ही दोघं मागच्या रांगेत शेजारी बसलो. समोर रामजीकाका एकेक शील सांगत होते, सगळे मागून म्हणत होते, आम्हीही. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारून पप्पांचा आवाज तरी येईल म्हणून कान दिला. तोही आला नाही. मी वळून पाहिलं. पप्पा हात जोडून, ओठ घट्ट मिटून बसले होते, पाचवं शील येण्याची वाट पाहत.