एक घास खाल्लेला नोन

चहाचा कप हातात घेण्याआधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. मागे असायचं काय? जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनच्या स्वयंपाकघरात एका बाजूला फ्रिज आणि दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले मोजे. तरी तो बघून खात्री करायचा आणि मगच कप उचलायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, या माणसाच्या मागे पोलीस लागलेत की काय.

पोलीस नव्हते. तो फुटबॉलमधला मिडफिल्डर होता. मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्यावर चारही बाजूंनी माणसं धावून येतात, त्यामुळे चेंडू पायाशी यायच्या आत मागे कोण आहे हे त्याला ठाऊक असावं लागतं. "एर्स्ट शाउएन," तो म्हणायचा. आधी बघा. "चेंडू आल्यावर जो बघतो, त्याला उशीर झालेला असतो." माझ्या मुलीच्या संघाला तो हे प्रत्येक सरावाला ऐकवायचा आणि सायकलचं कुलूप काढताना स्वतःही पाळायचा.

आमची मुक्ता तिसरीत असताना आम्ही तिचं नाव मोहल्ल्यातल्या फुटबॉल क्लबात घातलं. तिथे तो मुलींचा ट्रेनर होता. शिवाय गवत कापणं, पांढऱ्या रेघा मारणं, जाळ्या शिवणं हेही त्याच्याकडेच. उझबेकिस्तानचा, पन्नाशीच्या आतला, रुंद खांद्यांचा, आणि उजव्या गुडघ्यात असा काही बिघाड की जिना उतरताना कठड्याशी वाटाघाटी कराव्या लागायच्या. हा माणूस आपल्या देशाच्या संघातून खेळलेला आहे, मॉस्कोपासून जर्मनीच्या दुसऱ्या लीगपर्यंत पगारी खेळाडू म्हणून हिंडलेला आहे, हे आम्हा पालकांना बरेच दिवस माहीतच नव्हतं. त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आम्ही आयटीवाले, समोरच्याला विचारायच्या आधी त्याला इंटरनेटवर शोधणार.

तसंच झालं. एका बापाला कुठून तरी जुना व्हिडिओ मिळाला आणि क्लबच्या कँटीनमध्ये आम्ही सगळे एका फोनभोवती जमलो. गोल झाला, लोक नाचले. "हा तू?" मी विचारलं.

"नाही. गोल घालणारा तो नाही मी."

"मग पास देणारा?"

"तोही नाही. त्याच्या आधीचा. मागे घे थोडं... आणखी मागे... हा! दिसला?"

एक पाठ दिसली, अर्धी. पुढच्या क्षणी चौकटीबाहेर गेली.

"गेनाऊ, बरोब्बर," तो खूश होऊन म्हणाला. "कॅमेरा यायच्या आत मी चेंडू देऊन टाकायचो. हे माझं करिअर." आणि पोट हलवत हसला. आम्हीही हसलो. मला मात्र घरी आल्यावर ती अर्धी पाठ आठवत राहिली.

नोनची गोष्ट त्यानं फोर्खहाइमला जाताना ट्रेनमध्ये सांगितली. मुलींचा सामना होता, मी सोबतीला होतो. त्यानं पिशवीतून मोठा गोल ब्रेड काढला, मधे नक्षीचा ठसा उमटलेला. आपल्या नानचा चुलतभाऊ म्हणा. ते त्याला नोन म्हणतात. सगळ्यांना त्यानं हातानं तोडून दिला आणि स्वतःही तुकडा तोडूनच खाल्ला. मुक्तानं थेट तोंड लावायचा बेत केला तसा त्यानं तिचा हात धरला. "असा नाही. असा चावा फक्त घर सोडणारा माणूस घेतो."

त्यांच्याकडे रीतच आहे म्हणे. कोणी लांबच्या प्रवासाला निघाला की त्यानं अख्ख्या नोनचा एक घास चावून खायचा. उरलेला नोन घरातलं मोठं माणूस भिंतीवर टांगतं. निघालेल्यानं परत यायचं आणि तो संपवायचा. नोन भिंतीवर आहे म्हणजे त्याचं घरी काहीतरी राहिलंय, म्हणजे तो येणार.

फर्गाना खोऱ्यातल्या मर्गिलान गावातून तो अगदी पोरवयात ताश्कंदच्या क्लबाकडे निघाला, तेव्हा आईनं पहिला नोन टांगला. दर हिवाळ्यात तो परतायचा, कडक झालेला नोन चहात बुडवून संपवायचा आणि निघताना नव्याचा घास घ्यायचा. पुढे जर्मनीत आला. इथला संघ खालच्या लीगमध्ये घसरायच्या बेतात होता, तेव्हा बहिणीचा फोन आला की आईला बरं नाही. तो म्हणाला, रविवारचा सामना खेळून निघतो. रविवारी त्यानं पास दिला, पुढच्यानं पास दिला, गोल झाला, संघ वाचला. आई आदल्या दिवशीच गेली होती. सामना आहे म्हणून बहिणीनं त्याला कळवलं नव्हतं. त्यांच्यात माणसाला त्याच दिवशी माती देतात.

"मग तो नोन?" मुक्तानं विचारलं.

"आहे भिंतीवर. ज्याच्यासाठी परत यायचं तेच माणूस नाही, तर खाणार कसा?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. त्यानंतर कुठेही निघताना त्यानं घास घेतला नव्हता. लग्न झालं, मोडलं, गुडघा गेला, एकेक लीग उतरत तो आमच्या या मोहल्ल्यातल्या क्लबापर्यंत आला. पण मर्गिलानचा तो एक सोडला तर कुठल्याच घरात त्याचा नोन टांगलेला नव्हता.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आई दर उन्हाळ्यात साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येते. नऊवारी नाही, पण साडी, वर स्वेटर, खाली स्पोर्ट्स शूज. तिच्या राज्यात एक कायदा कडक: उष्टं. पळीनं आमटी चाखायची नाही, एकमेकांच्या ताटातलं उचलायचं नाही, बाटलीला तोंड लावून पाणी प्यायचं नाही. मुक्ता तिला वैतागून जर्मनमध्ये उत्तरं देते आणि आई मराठीत रागावते, दोघींचं उत्तम चालतं.

तो पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आला तेव्हा आईनं त्याचा कप काठोकाठ भरला. त्यानं मागे बघितलं, घटाघट चहा प्यायला आणि उठून निघून गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आई खट्टू झाली. "एवढा जीव लावून चहा करते, आणि हा मेला गाडी चुकल्यासारखा पळतो!"

मी त्याला विचारलं. तो गोरामोरा झाला. त्यांच्याकडे पाहुण्याला अर्धा प्याला देतात. संपला की पुन्हा अर्धा. म्हणजे पाहुण्यानं बसावं, बोलावं. भरलेला प्याला दिला की समजायचं, झालं, आता निघा. "मला वाटलं तुझ्या आईला मी आवडत नाही," तो म्हणाला. "तरी चहा चांगला असतो म्हणून येत होतो."

आई हसून हसून खुर्चीत बसली. आमच्याकडे अर्धा कप देणं म्हणजे चिक्कूपणा. पण त्या दिवसापासून ती त्याला अर्धाच कप द्यायची. तो तिला आईच म्हणायचा, तो शब्द त्याच्या जिभेला जडच गेला नाही. "बस रे, चोय घे," ती चहाला त्याचाच शब्द वापरून म्हणायची आणि हे दोघं कुठल्याच एका भाषेत न बोलता तासन्‌तास गवार मोडत बसायचे. मला माझ्या आईशी एवढं बोलायला कधी सुचलं नाही.

गेल्या वसंतात त्याच्या पोटात दुखायला लागलं. तो हडकला, मुली त्याला धावण्यात मागे टाकायला लागल्या. इस्पितळात त्याला ज्या मशीनमध्ये घातलं, तसल्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. "तुझं मशीन फार आवाज करतं," तो म्हणाला. "आणि आत मागे बघता येत नाही. हलू नका म्हणाले." मग त्यानं मला फोनवर स्कॅनची चित्रं दाखवली. "तुझंच आहे ना? मग सांग." मला त्यातलं काही वाचता येत नाही, असं मी म्हणालो आणि ते खरंच होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्याला ती वाचता आली असावीत.

उपचार सुरू झाले. ऑगस्टमध्ये मर्गिलानला भाचीचं लग्न निघालं. डॉक्टरांनी मधे थोडी सुटी दिली. "लग्न उरकून येतो," तो म्हणाला. "पुढचा सीझन आहे."

निघायच्या दिवशी दुपारी तो बॅग घेऊन आमच्याकडे आला. पिशवीतून नवा नोन काढला. टेबलापाशी उभं राहून त्यानं कडेला एक घास चावला, हळूहळू चावून गिळला, आणि उरलेला नोन दोन्ही हातांनी आईपुढे धरला.

मला त्याचा अर्थ कळला. मुक्ता डोळे मोठे करून बघत होती. आई मात्र दगड झाली. वडीलधाऱ्या बाईच्या हातात कोणी आपलं उष्टं देतं? पण पाहुणा होता, आजारी होता. तिनं दोन बोटांनी नोन धरला आणि हसली. नंतर समजावतो, असं मी मनाशी म्हटलं. गाडीची वेळ झाली होती.

स्टेशनवर त्याला विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. दारातून आत जाताना त्यानं मागे बघितलं नाही. खिडकीतून मी खुणेनं विचारलं, काय रे, आज नाही? त्यानं काच थोडी खाली केली. "मागे बघायला नोन ठेवलाय," तो म्हणाला.

घरी आलो तर रणकंदन. आईनं नोन ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला होता आणि मुक्ता बादलीशी गुडघ्यांवर बसून ओरडत होती, "नाइन, नाही, आजी! त्याचा ब्रेड! तो कसा येणार आता?" नोनवर बटाट्याची सालं होती. मी आईला खाली बसवलं आणि ट्रेनमधली सगळी गोष्ट सांगितली. मर्गिलानच्या भिंतीवरच्या नोनाचीही.

आई उठली. तिनं बादलीतून नोन काढला, फडक्यानं पुसला, कडक व्हावा म्हणून ओव्हनमध्ये ठेवला. मग श्रीखंडाचा चक्का बांधायचा तिचा पंचा घेतला, नोन त्यात बांधला आणि खिडकीच्या वरच्या हुकाला टांगला. त्यानंतर रोज सकाळी देवाला दिवा लावल्यावर ती त्या गाठोड्याकडे एकदा बघायची. मी पाहिलंय.

लग्नाच्या गडबडीतून त्याचा एकदा व्हिडिओ कॉल आला. चेहऱ्यावर मांस उरलं नव्हतं. "नोन?" त्यानं विचारलं. आईनं फोन गाठोड्यापुढे धरला. "आहे बाबा, आहे. लवकर ये," ती म्हणाली. तिकडे तो मान डोलवत राहिला.

मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. भाची बोलत होती, तीच, जिचं लग्न झालं होतं. मोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं की मामा गेला. झोपेत गेला, फार त्रास झाला नाही. सगळे असंच सांगतात. मी विश्वास ठेवला.

मी विचारलं, आमच्याकडे त्याचा नोन आहे, त्याचं काय करायचं? पलीकडे ती उझबेकीत तिच्या आईशी बोलली. बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मामानं आल्या दिवशीच इथला आजीचा नोन मागितला. आईनं भिंतीवरून काढून दिला. दगड झाला होता. दिवसभर चहात भिजवून त्यानं सगळा संपवला."

मग पुढे म्हणाली, "आई म्हणते, नोन टाकायचा नसतो. ज्या घरात टांगलाय, त्या घरानं खावा."

म्हणजे त्याला माहीत होतं. निघतानाच माहीत होतं की तो परत येणार नाही. आईचा नोन संपवायलाच तो गेला होता. मग आमच्याकडे घास का घेतला? मी ऑफिसच्या जिन्यात बसून विचार केला. कुठेतरी, कोणीतरी आपली वाट बघतंय, एवढं एकदा पुन्हा त्याला हवं होतं. बाकी काही नाही. मी तिथेच रडलो. येणारेजाणारे जर्मन सहकारी अदबीनं लिफ्टकडे वळत होते.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं खुर्ची ओढली, तिच्यावर चढून पंचा उतरवला, कोणाला हात लावू दिला नाही. चहा टाकला. टेबलाशी आम्ही सगळे बसलो, मी, बायको, मुक्ता. नोनाच्या कडेला त्याच्या दातांची चंद्रकोर तशीच होती. मी तुकडे करायला सुरी घेतली, आणि ती कड कापून बाजूला ठेवणार तोच आईनं ती माझ्या हातातून घेतली.

"आजी, ते उष्टं," मुक्ता हळूच म्हणाली. मराठीत.

"लेकराचं आहे," आई म्हणाली. तिनं ती कड चहात बुडवली आणि पहिला घास तिथूनच घेतला, जिथून त्यानं घेतला होता.

मग उठली. त्याचा कप काढला, त्याच्या जागेवर ठेवला. अर्ध्यापर्यंत चहा ओतून ती थांबली. आम्ही बघत होतो. तिनं किटली पुन्हा कलती केली आणि कप काठोकाठ भरला.