फादरांकडे उरलेली भाषा

स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत मी रेवदंड्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. खाडीपलीकडच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या फादरांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा डॉक्टर मला रोज होडीने तिकडे पाठवू लागले.

फादरांचा उजवा हात लुळा पडला होता, पण खरे हाल भाषेचे झाले होते. गावाशी झकास मराठीत गप्पा मारणारा हा माणूस आता मराठी ऐकून नुसता बघत राहायचा. इंग्रजीचंही तेच. सकाळची लॅटिन प्रार्थना तेवढी ते स्वच्छ म्हणत. डॉक्टर म्हणाले, ते नुसतं पाठांतर आहे, अर्थ कळत नसणार.

मला पटेना. औषधांच्या चिठ्ठ्यांमुळे लॅटिनचे चार शब्द मलाही येत होते. एकदा पाण्याचा पेला पुढे करून मी ‘आक्वा’ म्हटलं, आणि त्यांनी मान डोलावली.

मग त्यांच्या स्वयंपाकीणबाईंनी कपाटातून इंग्रजी-लॅटिन कोश काढून दिला. मी साधे साधे इंग्रजी शब्द शोधून, त्यांच्यापुढचे लॅटिन शब्द वापरून फादरांना विचारू लागले. दुखणं म्हणजे ‘डोलोर’, झोप म्हणजे ‘सोम्नुस’. माझे उच्चार ऐकून त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलायचा.

एका दुपारी ते आपणहून म्हणाले, “मारे.” पुन्हा तेच, पुन्हा तेच.

स्वयंपाकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाय, फादर मरनाचं बोलतात काय?”

कोशात लॅटिनवरून अर्थ सापडत नव्हता. इंग्रजी शब्द अंदाजानेच शोधायचा. भीत भीत मी मरण काढलं, ते ‘मोर्स’ निघालं. आई काढली, ‘माटेर’. मग लक्षात आलं, त्यांची नजर बंद खिडकीवर होती. वारा बाधेल म्हणून डॉक्टरांनीच ती लावून घेतली होती. मी समुद्र शोधला, आणि समोर ‘मारे’ लिहिलेलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले आणि आपल्या हाताने खिडकी उघडली. फादर कितीतरी वेळ बाहेर बघत होते.

पुढे आम्ही त्यांची खाट व्हरांड्यात ठेवू लागलो. ते डाव्या हाताने दाखवायचे, शीड, होडी, पक्षी, आणि लॅटिन नाव सांगायचे. मी मागून म्हणायचे. चुकलं की ते पुन्हा सांगायचे. ते वारले त्या आठवड्यापर्यंत त्यांनी माझा एकही चुकीचा उच्चार तसाच सोडला नाही.