हिचं मत राहिलं

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची गोष्ट म्हणजे सेक्टर सतराच्या चौकात ऊन खात पुतळ्यांचे नमुने बघणं. चौकात कोणतं शिल्प बसवायचं ते लोकांनीच सांगावं, म्हणून टेबलावर मातीचे दोन नमुने मांडले होते. एक उधळलेला घोडा, दुसरा नुसता पोकळ गोळा. गोळ्याखाली लिहिलं होतं, ‘संसार’.

"हा संसार?" ही म्हणाली. "आत तर काहीच नाही!"

"अगं, हिंदीत संसार म्हणजे जग."

"मग जग पोकळ म्हणा की. संसाराला कशाला बदनाम करता?"

मला घोडा आवडला होता. "तुम्हाला सायकल धड येत नाही, घोडा कशाला हवा?" म्हणून ती हसली. टेबलापाशी बसलेल्या माणसाने तिला विचारलं, "माताजी, आपको कौन-सा पसंद है?" बदलीच्या या गावात तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. ती लाजली, पण ताठ उभी राहिली. "सोचके कल बताऊंगी."

त्याच दुपारी घरी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. संध्याकाळी शेजाऱ्यांनी मला धरून स्मशानात नेलं.

सकाळी घरात बसवेना. सुतकातच चौकात गेलो. त्या माणसाने ओळखलं. "माताजी नहीं आईं?"

"वो तो गुजर गई."

तो गडबडला. मग म्हणाला, "उनकी पसंद आप ही बता दीजिए. आपको तो पता होगी."

इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, पण तिने काय ठरवलं असतं ते मला सांगता येईना. "नहीं पता," मी म्हटलं, आणि माझंही मत न देता परत आलो.